आधी काय?

एकोणीस वर्षांची मुलगी. दोन दिवसांपासून उलट्या होताहेत, पोटात दुखतंय, तहान भागत नाही. श्वास खोल आणि भराभर चाललाय, तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतोय. जीभ कोरडी, नाडी १२४, रक्तदाब ९० वर ६०. रक्तातली साखर ४८०, लघवीत कीटोन भरपूर, रक्त आम्लधर्मी झालेलं. पोटॅशियम २.९. सलाईन सुरू केलेलं आहे. आता पुढचं पाऊल कोणतं? पर्याय चार: इन्सुलिनची ड्रिप, सोडाबायकार्ब, शिरेतून पोटॅशियम, प्रतिजैविक.

४८० हा आकडा दिसला की बोट आपोआप इन्सुलिनकडे जातं. मुलीला हा त्रास इन्सुलिन नसल्यामुळेच झालाय, मग ते द्यायचं नाही तर काय द्यायचं? तरीही उत्तर पोटॅशियम हे आहे. इन्सुलिन तिला लागणार आहेच, त्याच्याशिवाय ती वाचणार नाही. पण आत्ता, या क्षणी दिलं तर तेच तिचा जीव घेऊ शकतं.

परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या मुलांची मेडिसिनची उजळणी मी घेतो. इतकी वर्षं शिकवूनही या एका प्रश्नाशी आलो की मी जरा रेंगाळतोच. कारण त्या २.९ मागे शरीराचा एक विलक्षण कारभार दडलेला आहे. आपल्या अंगातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असतं. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून उरतं ते २ टक्के. सुई टोचून आपण मोजतो ते या दोन टक्क्यांतलं. इन्सुलिन नसलं आणि रक्त साखरेने दाट झालं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं. साखर लघवीवाटे जाताना भरमसाट पाणी ओढून नेते, त्या पाण्याबरोबर हे बाहेर आलेलं पोटॅशियमही वाहून जातं. वर उलट्यांतून जातं ते वेगळंच. म्हणून अशा बहुतेक रुग्णांचा रिपोर्ट पोटॅशियम नॉर्मल दाखवतो, कधी जास्तसुद्धा, आणि शरीर मात्र आतून रितं झालेलं असतं. या मुलीचं तर रिपोर्टातच कमी आहे. म्हणजे आतली तूट केवढी असेल! इन्सुलिन सुरू केलं की ते साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींत ढकलतं. रक्तातलं उरलंसुरलं झपाट्याने उतरतं, हृदयाचे ठोके भरकटतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यामुळे नियम असा: पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल, २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३.५ च्या खाली असेल, तर इन्सुलिन थांबवा. आधी पोटॅशियम भरा.

तो खोल श्वासही नीट पाहण्यासारखा आहे. जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेहाने बेशुद्ध होत चाललेल्या रुग्णांत त्याचं वर्णन केलं. फुप्फुसं निरोगी, हवा आतबाहेर व्यवस्थित जातेय, आणि तरी माणूस धापा टाकतोय. रक्तात साठलेलं आम्ल कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत असतं, म्हणून ही धाप. कुसमाउलना जे दिसलं ते त्यांना थांबवता येत नव्हतं. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरंटोत, लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. म्हणजे रोगाचं चित्र अचूक टिपणं आणि त्यावर औषध हाती येणं यांत अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

पुढची गंमत तर याहून मोठी आहे. इन्सुलिन सुरू होऊन काही तासांनी या मुलीची साखर २५० च्या आसपास येईल. तेव्हा इन्सुलिन बंद करायचं नाही, उलट सलाईनमधून ग्लुकोज सुरू करायचं. मधुमेहाच्या रुग्णाला शिरेतून साखर! कारण खरा शत्रू साखर नव्हेच, आम्ल आहे. ते निघून जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवावं लागतं आणि साखर फार घसरू नये म्हणून ग्लुकोज द्यावं लागतं.

आता इन्सुलिनचा पोटॅशियमवरचा तो गुण उलट्या बाजूने बघा. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस, पोटॅशियम ७.२, ईसीजीवर टोकदार उंच लाटा. इथे पोटॅशियमला पेशींत ढकलणारं इन्सुलिन हेच औषध होतं, सोबत ग्लुकोज देऊन. पण त्याच्याही आधी कॅल्शियम. कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही उतरत नाही. ते फक्त हृदयाच्या पेशींना काही मिनिटं सावरून धरतं, आणि तेवढ्या अवधीत इन्सुलिनला काम करता येतं. मुलीच्या बाबतीत जे संकट होतं ते या माणसाच्या बाबतीत उपचार आहे. औषध तेच, पेशी त्याच. बदलला तो पोटॅशियमचा आकडा, आणि त्याबरोबर क्रम.

ही मुलं ज्या परीक्षेला बसतात तिचं नाव फॉरिन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन, त्यांच्या तोंडी एफएमजीई. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, फिलिपिन्स अशा देशांत वैद्यकीय पदवी घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे व्यवसायाचा परवाना हवा असेल तर, काही अपवाद सोडता, ही परीक्षा पार करावी लागते. २००२ पासून ती चालू आहे आणि जून व डिसेंबर अशा दोन सत्रांत वर्षातून दोनदा होते. एका दिवसात ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येक भागाला दीडशे मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. निम्मे गुण म्हणजे काही फार नव्हेत असं वाटेल, पण सत्रामागून सत्र उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा अनुत्तीर्ण होणारेच कितीतरी जास्त असतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना ही परीक्षा चांगली ठाऊक आहे. जमीन किंवा सोनं गहाण टाकून मुलाला परदेशी पाठवलेलं असतं आणि सहा वर्षांनी परतल्यावर या एका दिवसावर सगळं येऊन ठेपलेलं असतं.

३०० पैकी जनरल मेडिसिनचे गुण ३३. मुलं हा आकडा बघून कधी कधी म्हणतात, एवढ्यासाठी एवढं जाडजूड पुस्तक? मी त्यांना सांगतो, गुण विसरा, आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचा. ती पुष्कळदा हेच विचारत असते: आता पहिल्यांदा काय कराल? रोग ओळखणं हा झाला अर्धा भाग. दोन्ही औषधं बरोबर, दोन्ही लागणारच, पण आधी कोणतं? हा क्रम कुणी वडीलधाऱ्या डॉक्टरांनी रीत म्हणून पाडलेला नाही. पेशीच्या आत काय घडतं त्यातून तो निघतो. म्हणून एकदा आतला कारभार उमगला की क्रम पाठ करावा लागत नाही. मेडिसिनच्या उजळणीत मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच.

थायमिनचं घ्या. हे बी-१ जीवनसत्त्व. अनेक दिवस दारूवरच जगलेला, अन्नाला न शिवलेला माणूस गुंगीत येतो. कॅज्युअल्टीत सलाईनमधून ग्लुकोज लावणं ही हाताची सवय असते. पण पेशीला ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, आणि त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच. तो संपत आलेला असताना ग्लुकोजचा लोट सोडला तर शेवटचं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूतले काही ठरावीक भाग उपाशी मरतात. डोळे नीट हलत नाहीत, तोल जातो, भ्रम होतो. बर्लिनचे कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये अशा तीन रुग्णांचं वर्णन लिहिलं. दोघं दारूचे व्यसनी होते. तिसरी होती शिवणकाम करणारी एक तरुणी. तिने गंधकाम्ल प्यायलं होतं, त्यानंतर तिच्या उलट्या थांबतच नव्हत्या. ती दारूची व्यसनी नसताना मेंदूचं दुखणं तेच. दोन्हीकडे अन्न शरीराला मिळालेलं नव्हतं. जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा जन्माला आलेली नव्हती. थायमिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं १९२६ मध्ये. आजही गरोदरपणात उलट्यांनी हैराण झालेल्या बाईच्या प्रश्नात ती शिवणकाम करणारी मुलगीच मला दिसते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. मात्र रुग्णाची साखर मोजून ४० आली असेल तर थायमिनची वाट बघत बसायचं नाही, दोन्ही लगेच द्यायचं. क्रमाचं कारण माहीत असलं की तो कधी मोडायचा हेही कळतं.

दुसरी एक बाई, पस्तिशीची. थकवा, चक्कर, रक्तदाब कमी. तपासणीत थायरॉइड मंद निघालं. पण मंद थायरॉइडच्या रुग्णाचं वजन सहसा वाढतं, हिचं घटलंय. आणि हिच्या तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडलेत. या दोन खुणा हाती लागल्या की थायरॉइडच्या गोळीची चिठ्ठी खिशात परत ठेवावी लागते. तिच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही थकल्या आहेत. कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या बनवतात, आणि ते जवळजवळ संपलंय. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी हा रोग १८५५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. पूर्वी क्षयरोग हे त्याचं मोठं कारण होतं, आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही.

त्वचा काळी का पडते, हे तर ऐकण्यासारखं आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थकलेल्या अधिवृक्कांना जागं करण्यासाठी आपलं संप्रेरक जास्त जास्त सोडत राहते. ते ज्या मोठ्या प्रथिनातून कापून काढलं जातं, त्याच प्रथिनातून त्वचेला रंग चढवणारं संप्रेरकही निघतं. डोक्यातली ग्रंथी मदतीसाठी हाकारतेय आणि त्या हाकेची खूण तळहातावर उमटतेय! अशा बाईला आधी थायरॉइडची गोळी दिली तर शरीराचा वेग वाढतो, असलेलं थोडकं कॉर्टिसॉलही भराभर संपतं, आणि ती दोन-चार दिवसांत कोसळू शकते. आधी स्टिरॉइड, मग थायरॉइड.

त्याच ग्रंथीच्या गाभ्यात कधी कधी अ‍ॅड्रिनॅलीन ओतणारी गाठ होते. डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते, रक्तदाब मध्येच २२० च्या वर जातो. धडधड थांबवायची तर बीटा-ब्लॉकर हे उत्तम औषध, पण ते आधी दिलं तर घात. अ‍ॅड्रिनॅलीन पेशींवरच्या अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, काम करतं. अल्फामुळे रक्तवाहिन्या आवळतात. बीटामुळे हृदय धावतं, आणि त्याच बीटामुळे स्नायूंतल्या काही रक्तवाहिन्या सैलही होतात. बीटा बंद केलं की ही सैल होण्याची वाट बुजते, अल्फाचं आवळणं मोकाट सुटतं, रक्तदाब आणखी भडकतो. म्हणून आधी अल्फा-ब्लॉकर, नंतर हवं तर बीटा.

ही गाठ दुर्मीळ आहे. पुष्कळ डॉक्टरांना आयुष्यभरात एकही दिसत नाही. पण अ‍ॅड्रिनॅलीनचा हाच पूर कोकणात वर्षानुवर्षं माणसं मारत होता, लाल विंचवाच्या नांगीतून.

लाल विंचवाचं विष नसांच्या पडद्यावरची सोडियमची दारं उघडीच ठेवतं. नसा पेटल्यागत संदेश पाठवत राहतात आणि अंगातलं अ‍ॅड्रिनॅलीन, नॉरअ‍ॅड्रिनॅलीन एकदम रक्तात येतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे गार. लहान मुलग्यांत लिंग ताठरतं, आणि हे चिन्ह डॉक्टरला फार मोलाचं असतं. रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की हृदयाला त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलवत नाही. ते थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, रुग्ण फेसाळ थुंकी टाकत गुदमरतो. संध्याकाळी चिव्याच्या मोळीत हात घातलेला धडधाकट माणूस सकाळी नसायचा.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मोठं रुग्णालय नाही, अतिदक्षता विभाग नाही. तेव्हा विंचूदंशावर स्टिरॉइड, अँटिहिस्टॅमिन, अ‍ॅट्रोपिन असं हाताशी असेल ते दिलं जाई आणि माणसं दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा, श्वास असं तासातासाला टिपलं. दंशानंतर काय, कोणत्या क्रमाने घडतं याचं त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हा सगळा खेळ अल्फा ग्राहकांचा आहे हे एकदा ओळखलं की उपायाची दिशा दिसते. रक्तदाबासाठी बाजारात एक स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी होती, प्राझोसिन. ती अल्फा बंद करते. १९८६ मध्ये विंचूदंशातल्या प्राझोसिनवरचा त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. गंभीर दंशात एके काळी शंभरात चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये त्यांनी दाखवून दिलं की प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता परीक्षेत हा सगळा इतिहास एका ओळीत येतो. विंचूदंश, हातपाय गार, घाम, रक्तदाब वाढलेला: पहिलं औषध कोणतं? उत्तराला काही सेकंद पुरतात. मला मुलांना सांगावंसं वाटतं, आणि सांगतोच, की हे उत्तर लंडन-न्यूयॉर्कहून आलेलं नाही. सावित्रीकाठच्या एका तालुक्यात, रात्री जागून, हाताला हात लावून ते शोधलेलं आहे. पहिल्या गोळीनंतर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण त्या गोळीने उभ्या माणसाचा रक्तदाब एकदम पडू शकतो, हेही त्याबरोबर लक्षात ठेवायचं.

आणि इथेच आमच्या मुलांची एक खरी अडचण आहे. रशियातल्या किंवा कझाकस्तानातल्या वॉर्डांत त्यांनी हृदयविकार पाहिले, न्यूमोनिया पाहिले, गोठलेली बोटं पाहिली. लाल विंचू तिथे कुठून येणार? मण्यार कुठून येणार? जनरल मेडिसिनचा अभ्यास जगभर एकच असं आपण म्हणतो, पण कॅज्युअल्टीचं दार उघडून आत येतं ते त्या त्या मातीतलं दुखणं. म्हणून ही मुलं परत येतात तेव्हा त्यांची उजळणी ही निम्मी पहिल्यांदाच होणारी ओळख असते. त्यांना कमी लेखणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा या वर्गात येऊन बसावं. नऊ-दहा तास वाचून संध्याकाळी ही मुलं पुन्हा प्रश्न सोडवायला बसतात.

प्रश्न सोडवत उजळणी करणं हे परीक्षेपुरतं तंत्र आहे असा एक समज आहे. तो मला पटत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवले आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वारंवार वाचणाऱ्यांनाच अधिक होता! रंगीत पेनांनी रेघा मारलेलं पुस्तक डोळ्यांना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं हे येण्यासारखंच भासतं. रुग्णासमोर पुस्तक नसतं. तिथे आठवावंच लागतं, तेही योग्य क्रमाने.

या वर्गात मण्यारीचा प्रश्न मी नेहमी वेळ राखून घेतो. शेतमजूर, पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखून जाग आली, एक-दोन उलट्या झाल्या. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. सकाळी पापण्या मिटू लागल्या, बोलणं अडखळलं. मण्यारीचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला अनेकदा दंश कळतही नाही. पोटदुखी म्हणून अँटासिड देऊन घरी पाठवलेले रुग्ण दुपारी श्वास थांबून परत येतात. ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाला मान उचलून धरायला सांगायचं, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते ऐकायचं. तासाभरापूर्वी तीसपर्यंत जाणारा माणूस आता बारावर थांबत असेल तर श्वासाचे स्नायू चालले आहेत.

इथे आधी काय? प्रतिविष, असं बहुतेक जण म्हणतात. आधी श्वास. नळी घालून, फुगा दाबून, यंत्र असेल तर यंत्रावर. प्रतिविष लगेच त्याच्यामागोमाग. मण्यारीचं विष नसांची स्नायूंजवळची टोकंच उद्ध्वस्त करतं. रक्तात फिरणारं विष प्रतिविषाने निकामी होतं, पण मोडलेली टोकं पुन्हा उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढा काळ दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पेशंट डोळे उघडत नाही, बाहुल्या फाकलेल्या, टोचलं तरी हलत नाही. मग हा ब्रेन डेड नाही कशावरून?"

"तुला काय वाटतं, विष कुठे बसलंय?"

"नस आणि स्नायू जुळतात तिथे."

"आणि मेंदूत?"

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो ऐकतोय आपलं."

हो, तो ऐकत असतो. खाटेपाशी उभं राहून आता काही खरं नाही असं बोलणाऱ्यांचं सगळं त्याला ऐकू येत असू शकतं. यंत्रावर धीराने ठेवलेले असे रुग्ण चालत घरी जातात.

नागाचं विष जवळच काम करतं, पण वेगळ्या रीतीने. ते टोकं मोडत नाही, स्नायूवरच्या ग्राहकांवर जाऊन बसतं. म्हणून तिथे निओस्टिग्मिन उपयोगी पडतं, आणि त्याच्या आधी अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, नाहीतर निओस्टिग्मिनने नाडी मंदावते आणि घशात स्राव दाटतात.

घोणस आणि फुरसे यांचा रोख रक्तावर. ते रक्त गोठवणारं सगळं संपवून टाकतात. याची तपासणी इतकी साधी आहे की विश्वास बसू नये. काचेची नवी, स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घ्यायची. शिरेतलं दोन मिली ताजं रक्त तिच्यात घालायचं आणि वीस मिनिटं तिला हातही लावायचा नाही. मग एकदा तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय, प्रतिविष सुरू करा. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर रक्त गोठायला सुरुवात होते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही रेंगाळेल आणि आपण फसू. साबणाने धुतलेली नळीही फसवते. प्रतिविष दिल्यावर हीच तपासणी दर सहा तासांनी पुन्हा करायची. सहाच का? विष थोपवलं गेल्यावर गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. शरीराचं घड्याळ परीक्षानळीत असं वाचता येतं.

प्रतिविष एकच असतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते काढतात, मुंबईच्या हाफकिनचं त्यात फार जुनं नाव आहे. त्यामुळे दंश कोणत्या सापाचा हे ठरवण्यासाठी साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नसते. त्या धावपळीत दुसऱ्यालाही दंश होतो.

वाचकांपैकी कुणी डॉक्टरकीची परीक्षा देणार नसेलही, पण पावसाळा सगळ्यांकडे येतो. जमिनीवर झोपायची वेळ आली तर मच्छरदाणी लावा आणि अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचा, मण्यारीपासून ती खरंच वाचवते. दंश झाला तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. हाड मोडल्यावर धरतो तसा तो हात किंवा पाय स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि जिथे प्रतिविष आहे, श्वास देण्याची सोय आहे अशा रुग्णालयात न्या. आणि पहाटे पोटात दुखून उठलेल्या कुणाच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका. आधी १०८ ला फोन करा.